एल्मरोडच्या दोन हाटुई

दामिनी पौनीकरला जर्मन येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेली तेवीस वर्षं ती जर्मन पुस्तकंच टाइप करत आली आहे. शेजारणी विचारायच्या, म्हणजे तू वाचतेस काय गं दिवसभर? ती म्हणायची, वाचत नाही, पाहते. त्याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही आणि शेजारणींनाही तेवढं पुरत असे.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या मागे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची कचेरी होती. खाली हातगाड्यांवरून पराती आणि पातेली उतरायची, त्यांचा खणखणाट वरपर्यंत यायचा. परदेशातल्या ग्रंथालयांतल्या जुन्या पुस्तकांचे फोटो कचेरीकडे येत. त्या फोटोंतली अक्षरं संगणकात उतरवून परत पाठवायची, हे काम. एके काळी तिथे चाळीस टेबलं होती. मग मशीन स्वतःच वाचायला लागलं आणि टेबलं कमी होत होत तीनवर आली. ही तीन टिकली ती मशीनला न जमणाऱ्या पुस्तकांमुळे. दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन छपाईत स आणि फ सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे दिसतात. मशीन तिथे हमखास फसायचं. दामिनी फसत नसे.

तिची नजर उमरेडची होती. तिची आजी रुख्माबाई हातमागावर लुगड्याची रेशमी किनार विणायची आणि एक धागा चुकला तर चार हात लांबून ओळखायची. नात झाली तेव्हा तिचंच नाव ठेवलं, रुख्मा. ही नात मागावर कधी बसली नाही, पण आजीजवळ बसून पाहत राहिली. पुढे टाइपिंगच्या परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली तेव्हा आजी म्हणाली होती की हेही विणणंच आहे, फक्त नेसता येत नाही.

नागपुरात तांडापेठेत पौनीकरांकडे तिला दिली ती पंचाण्णव साली. नवरा चंदन इतवारीत कापडाच्या ठोक दुकानात कामाला. सासरे बाबनराव जुने विणकर, माग विकून बसलेले. सासूचं नावही रुख्माबाई निघालं. साखरपुड्यालाच बाबनरावांनी प्रश्न काढला. "एका घरात दोन रुख्मा कशा? हाक मारली तं कोण उठंन?" सगळे हसले आणि प्रश्न सुटला. लग्नात ताटातल्या तांदळावर चंदनने अंगठीने नाव लिहिलं, दामिनी. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. रुख्मा माहेरी राहिली, आणि आईवडील गेल्यावर तिथेही राहिली नाही.

दामिनीला याचं दुःख होतं असं म्हणता येणार नाही. सगळ्या पोरींचं असंच होतं. फक्त सुरुवातीची काही वर्षं कोणी दामिनी म्हणून हाक मारली की ती एक क्षण थांबायची, दुसरी कोणी उठते का हे पाहत.

कचेरीतल्या कामाची एक रीत होती. एकच पान दोघींनी वेगवेगळं करायचं, एकमेकींना न विचारता. मग संगणक दोन्ही पानं शेजारी ठेवायचा आणि जिथे फरक असेल ती जागा लाल करायचा. लाल झालेलं सगळं तिसऱ्या खुर्चीकडे जायचं. तिला मिलाणाची, म्हणजे ताळा पाहण्याची, खुर्ची म्हणत. तिसऱ्या खुर्चीने ठरवायचं, कोण बरोबर. जिचं चूक निघेल तिच्या नावापुढे एक खूण पडायची. तिसऱ्या खुर्चीलाच शंका असेल तर प्रश्न लिहून ग्रंथालयाकडे पाठवायचा. अकरा वर्षं त्या खुर्चीवर दामिनी बसत होती. तिच्या नावापुढे एकही खूण नव्हती.

फेब्रुवारीत एल्मरोडचं पुस्तक आलं. सॅक्सनीतल्या एका सरदार घराण्याचा सहाशे पानी इतिहास. हार्ट्झ नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा गड होता आणि हजार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे तीनशे वर्षं राज्य केलं. यात अक्षरांखेरीज आणखी एक काम होतं. पुस्तकात येणाऱ्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा आणि तो माणूस जिथे जिथे येईल तिथे तोच क्रमांक लावायचा. एक माणूस, एक क्रमांक. तेवीस वर्षांत दामिनीला चाळीसेक जर्मन शब्द ओळखू येऊ लागले होते. मुलगा, मुलगी, बायको, विधवा, दिलं, घेतलं, मेला. क्रूसाची खूण म्हणजे मरण, एकमेकांत अडकलेल्या दोन कड्या म्हणजे लग्न. एवढ्यावर घराणं कळतं. सगळ्याच घराण्यांत एवढंच असतं.

एल्मरोडकरांचा मूळपुरुष थीटमार. त्याला राजाने गड दिला. त्याचा मुलगा बेर्नहार्ड, बेर्नहार्डचा थीटमार, त्या थीटमारचा पुन्हा बेर्नहार्ड. दोन भाऊ एकाच दिवशी एका नदीवर मेले. एकाचे डोळे काढले, बहुतेक चुलत्यानेच. ज्या मुलींची लग्नं झाली नाहीत त्यांच्यासाठी घराण्याने एक मठ बांधला आणि त्यांना तिथे ठेवलं. त्या तिथून भावांसाठी प्रार्थना करत राहिल्या. शेवटी एका बेर्नहार्डला मूल झालं नाही आणि गड जावयांच्या घराण्यात गेला. बस. आजोबाचं नाव नातवाला, आजीचं नातीला, हे दामिनीला अजिबात परकं वाटलं नाही.

मार्चच्या शेवटी संघपालने तिघींना बोलावलं. संघपाल कामठीचा, पस्तिशीचा, कचेरीचा कारभार पाहणारा. तो खूप वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिला. मग म्हणाला की हे पुस्तक संपलं की मालक एकच खुर्ची ठेवणार आहेत, मिलाणाची. बाकी मशीन करेल. खुर्ची कोणाला हे खुणांवरून ठरेल, म्हणजे कोणी कोणाला बोल लावायला नको. तिघींपैकी प्रणाली तेव्हाच म्हणाली की ती भावाच्या दुकानात जाणार आहे. राहिली काजल. ती चोवीस वर्षांची, कामाला लागून दोन वर्षं झालेली, हुशार. तिच्या नावापुढे तीन खुणा होत्या. म्हणजे ठरल्यातच जमा होतं.

चंदनच्या दुकानानेही त्या वर्षी माणसं कमी केली होती, त्याला आता अर्धा दिवस बोलवत. घरात खुर्चीवर जाणारी दामिनीच होती. पण खरं सांगायचं तर तिला भीती दुसरीच होती. त्या खुर्चीशिवाय ती कोण, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

चूक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. दोनशे बाराव्या पानावर तिसऱ्या थीटमारची हकीकत होती. त्याच्या आईचं नाव हाटुई. त्याच्या बायकोचं नावही हाटुई. त्यांना एक मुलगी, ओडा. पुढच्या पानावर त्याच थीटमारची बायको म्हणून आडेला हे नाव येत होतं, आणि मग शेवटपर्यंत आडेलाच. लग्नाच्या कड्या मात्र एकदाच छापल्या होत्या. काजलने दोघींना वेगवेगळे क्रमांक दिले होते. प्रणालीने आडेलाला हाटुईचाच क्रमांक दिला होता, बहुधा घाईत. जागा लाल झाली आणि दामिनीकडे आली.

दामिनीला लाल जागा पाहताच उलगडा झाला. सासू हाटुई, सून हाटुई. एका घरात दोन कशा चालतील? सुनेचं नाव बदललं, आडेला ठेवलं. यात शंका घेण्यासारखं तिला काही दिसलंच नाही, म्हणून तिने प्रश्नही पाठवला नाही. दोघींना एकच क्रमांक दिला, एकशे अठरा. शेरा लिहिला, लग्नानंतर नाव बदललेले. काजलच्या नावापुढे चौथी खूण पडली.

काजल खुर्ची ओढून तिच्याजवळ आली. तिचं म्हणणं असं होतं की पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नाही. दामिनीने तिला समजावलं, थोडं हसूनच. "लग्न झालं का कळंन तुले. तवा तूही काजल राहत नाही." काजल उठली. ती आपल्या जागी जाऊन पुढचं पान करू लागली.

पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टं होती, आणि त्यांतलं शेवटचं मठाच्या मृत्यूवहीचं. वर्षाचा प्रत्येक दिवस आणि त्या दिवशी कोणासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं. त्यात लाल झालेली एक जागा एप्रिलच्या अखेरीस दामिनीकडे आली, एका अक्षराचा फरक, क्षुल्लक. तो तिने निस्तरला आणि नजर ओळीवर राहिली. अकरा मार्च. हाटुई. पुढे लिहिलं होतं, दोन मेणबत्त्या, देणार सरदारीण आडेला.

ही सासूची तिथी असेल, असं तिला वाटलं. सुनेने सासूसाठी मेणबत्त्या लावल्या. तिने पानं पुढे सरकवली. चार ऑक्टोबर, हाटुई, थीटमारची आई. तिच्यापुढे मेणबत्त्या नव्हत्या. म्हणजे अकरा मार्चची हाटुई दुसरी. आणि आडेला जर तीच हाटुई असेल, तर ती जिवंतपणी दरवर्षी स्वतःच्या मरणाच्या मेणबत्त्या लावत होती.

खाली कोणीतरी परातींची अख्खी चळत पाडली. दामिनी दचकली नाही. ती उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन त्या ओळीसमोर बसली. पहिली हाटुई मेली होती. आडेला नंतर आली होती. आणि दामिनीने एका बाईला दुसरीच्या पोटात घालून टाकलं होतं, तिच्या मुलीसकट. दोनशे बारावं पान कधीच पास होऊन गेलं होतं. ते पुन्हा कोणी पाहणार नव्हतं.

त्या दिवशी ती काही न बोलता घरी गेली. दुसऱ्या दिवशीही काही बोलली नाही. चार दिवस तिने इतर लाल जागा नेहमीपेक्षा बारकाईने पाहिल्या. आपण कोणाची तरी भरपाई करतो आहोत असं तिला वाटत होतं, पण ज्या बाईची भरपाई व्हायला हवी तिला त्यातलं काही पोचत नव्हतं. काजलकडे ती पाहत नव्हती. स्वतःशी ती म्हणायची की काजल लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल. मग म्हणायची की नऊशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला क्रमांकाचं काय. दोन्ही बरोबर होतं. तरी जेवताना घास अडकायचा.

पाचव्या दिवशी अखजी होती, पितरांचा सण. दुपारी रुख्माबाईंनी घागर भरून ठेवली, वर खरबूज ठेवलं. मग पुरणपोळी आणि आंब्याचं पन्हं असा नैवेद्य वाढला, गेलेल्या बाबनरावांसाठी एक पान आणि त्याच्या आधी एक लहान पान. लहान पानाजवळ बसून त्यांनी गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्या दोऱ्यात नखाएवढा चांदीचा टाक होता, त्यावर बाईची घासून गेलेली आकृती. तो टाक त्यांनी पन्ह्यात बुडवून पुसला आणि पुन्हा पदराआड ठेवला.

तीस वर्षं दामिनी हे पाहत आली होती. तो सवतीचा टाक होता. बाबनरावांची पहिली बायको चंदन आठ महिन्यांचा असताना गेली, आणि रुख्माबाई अठराव्या वर्षी दुसरी म्हणून आल्या. पहिलीच्या नावाने टाक घातला नाही तर दुसरी सुखाने जेवत नाही, अशी त्यांच्यातली समजूत. चंदन रुख्माबाईंच्याच मांडीवर वाढला. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आईचं नाव रुख्माबाईच. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दामिनी जवळ जाऊन बसली आणि तिने तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं की तिचं नाव काय होतं.

"मीरा," रुख्माबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं नाही. "मीराबाई. पवनीची. मी पाह्यलं नाही तिले."

"अन् हे नसतं घातलं तं?"

रुख्माबाईंनी लहान पानावरची पोळी मोडून वाटीत ठेवली. "तं काय होणार हाय? लोकं म्हणते, त्रास देते. मले तं नाही दिला तिनं कधी. पण तिच्या चुलीवर मी सैपाक केला वं, तिच्या लेकराले पाजलं. ती गेली म्हणून ती नोहतीच, असं कसं म्हणन मी?"

एवढं बोलून त्यांनी चंदनला जेवायला बसायला सांगितलं. दामिनीने वाढलं. अडकलेला घास त्या दिवशी खाली गेला, कारण तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या तिने संघपालला दोन्ही पानं दाखवली, दोनशे बारावं आणि मृत्यूवहीचं. चूक कशी झाली तेही सांगितलं, सासरच्या नावाच्या गोष्टीसकट. संघपालने दोनदा वाचलं. त्याला जर्मन तिच्याइतकंही येत नव्हतं, पण मेणबत्त्यांचा हिशेब त्याला लगेच कळला. त्याने टोपण उघडलं, बंद केलं.

"ताई, नऊशे वर्षं झाली तिले मरून," तो म्हणाला. "अजून महिनाभर थांबल्या असत्या तं पुस्तक गेलं असतं. काहून सांगितलं?"

दामिनीने ओडाच्या नावावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "तिची पोरगी दुसरीच्या नावावर लागली हाय."

संघपालने मान हलवली. त्याने तिला हेही स्पष्ट सांगितलं की ही साधी खूण धरली जाणार नाही. मिलाणाच्या खुर्चीने शंका न पाठवता ठरवलेलं चुकलं, तर ते पाच खुणांसारखं धरायचं, हा नियम खुद्द दामिनीनेच सहा वर्षांपूर्वी सुचवला होता. तिला तो आठवत होता. काजलची चौथी खूण पुसली जाईल, तीन राहतील. दामिनीच्या पाच होतील. बेरीज करून दाखवायची कोणाला गरज नव्हती, तरी संघपालने ती कागदावर करून ठेवली आणि तो कागद उलटा केला.

दुरुस्ती दामिनीनेच केली, ते काम तिचंच होतं. एकशे अठरा क्रमांक आडेलाकडे राहू दिला, कारण तो तिच्या नावाने अडीचशे ठिकाणी लागला होता. हाटुईला नवा क्रमांक हवा होता, आणि तोवर सगळे क्रमांक देऊन झाले होते. शेवटचा सहाशे चाळीस होता. हाटुईला सहाशे एकेचाळीस मिळाला. तीनशे वर्षांच्या घराण्यात ती सर्वांत शेवटी दाखल झाली. मग दामिनीने ओडाला आडेलाखालून काढून हाटुईखाली लावलं. संगणकाने विचारलं, बदल कायम करायचा का. तिने हो केलं.

काजल हे सगळं आपल्या जागेवरून पाहत होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन दामिनीच्या टेबलाशी आली. दोघींनी डबे उघडले. काजल म्हणाली, "काकू, मले तं लग्नाआधीच कळलं."

दामिनी हसली. तिला हसू येईल असं वाटलं नव्हतं. तिने काजलच्या डब्यात आंब्याच्या लोणच्याची एक फोड टाकली आणि सांगितलं की मृत्यूवह्या नेहमी आधी वाचायच्या. पुस्तकांत त्या शेवटी छापतात, पण खरी हकीकत तिथेच असते. मी हे अकरा वर्षं उलटं करत आले, तू करू नको.

मे संपला तसं एल्मरोडचं पुस्तक गेलं. खुर्ची काजलला मिळाली. निरोप वगैरे काही मोठा झाला नाही. संघपालने कामठीहून आणलेले पेढे वाटले आणि म्हणाला की कुठे जुनी छपाई अडली तर फोन करू, ताई, घरूनच पाहून द्या. हे होईल की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं आणि तिलाही. खुर्चीवरची उशी तिची स्वतःची होती, ती तिने पिशवीत घातली. भांड्यांच्या दुकानांमधून वाट काढत ती तांडापेठेपर्यंत चालत आली. ऊन होतं. वाटेत तिला दोनदा वाटलं की आपण काहीतरी विसरून आलो, आणि दोन्ही वेळा पिशवीत उशी होती.

घरी रुख्माबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. दामिनी शेजारी बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. थीटमार, त्याची आई, त्याची पहिली, त्याची दुसरी. रुख्माबाईंना नावं काही कळली नाहीत, पण मेणबत्त्यांपाशी त्यांनी तांदळातला हात थांबवला. त्या आडेलाने गळ्यात काही घातलं होतं का, असं त्यांनी विचारलं. पुस्तकात लिहिलेलं नाही, दामिनी म्हणाली. घातलं असंन, रुख्माबाई म्हणाल्या, बायांचं कोण लिहिते.

मग त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. सुनेची नोकरी गेली हे त्यांना कळलं होतं. पण बोलल्या ते वेगळंच.

"खरं पाह्यलं तं तुयं नाव बदलाचं काही कामच नोहतं. तुई सासू तं मीरा."

दामिनीच्या हे तीस वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं. ताटातल्या तांदळावर अंगठी फिरली तेव्हा रुख्माबाई तिथेच उभ्या होत्या, हेही तिला आता आठवलं. त्या तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. बोलून चाललं नसतं.

"मंग आता म्हणा," ती म्हणाली.

रुख्माबाईंनी सूप हलवलं. तांदूळ एका बाजूला झाले, खडे दुसऱ्या.

"आता कायले वं. कोणी हाक मारली तं दोघी उठू. अन् माये गुडघे दुखते."

दामिनीने पिशवीतली उशी काढून त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली, आणि निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली.